भाकरीच्या चित्रातली बाई

ऋतिकाने बांबूच्या काडीला कापूस गुंडाळला, बाटलीतल्या पाण्यात बुडवला, फडक्यावर टिपला आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, होडीचं टोक होतं तिथे, हलक्या हाताने फिरवला. कापूस वर उचलला तेव्हा तो चहात पडल्यासारखा तपकिरी झाला होता.

"इतका मळ?" दारातून कुणीतरी विचारलं.

ऋतिकाने वळून पाहिलं. साठीला टेकलेली एक बाई उंबऱ्याशी उभी होती. खांद्याला पर्स, हातात घामाने ओला झालेला रुमाल. तिची नजर ऋतिकाकडे नव्हती, चित्राकडे होती. तिथेही होडीकडे नव्हती, डाव्या बाजूला वर होती.

"मळ कमी, धूर जास्त," ऋतिका म्हणाली. "इथे स्वयंपाक व्हायचा ना पूर्वी?"

"मागच्या पडवीत व्हायचा. पण धूर सगळा इथंच यायचा." बाई आत आली. "मी रूथ रणनवरे. दौंडहून आले. पाळकसाहेब बोलले असतील तुमच्याशी."

"बोललेत. या ना, मावशी. जपून, फरशी उचकटलीय तिथे."

शिरूरच्या मिशन कंपाउंडातला तो लांबट हॉल एके काळी अनाथ मुलांची जेवणाची जागा होता. दुष्काळात आईबाप गमावलेली मुलं इथे रांगेने बसून जेवली. पूर्वेकडची जवळजवळ अख्खी भिंत त्या चित्राने व्यापलेली होती. दोनशे वर्षांपूर्वीचं ते चित्र कुणा मॅडमनी बोटीतून आणलं होतं म्हणे. हॉलंडमधल्या लायडन नावाच्या गावाला शत्रूचा वेढा पडलेला, गावातलं दाणापाणी संपलेलं, माणसं झाडाचा पाला खाऊन दिवस काढतायत. शेवटी त्यांच्याच लोकांनी समुद्राचे बांध फोडले, पाणी गावाच्या वेशीपर्यंत आलं आणि त्या पाण्यावरून पाव आणि मासळी घेऊन होड्या आल्या. ती सकाळ चित्रात होती. आभाळ फाटल्यासारखं, ढगांच्या कडा पेटलेल्या, धक्क्यावर हात पसरून उभी असलेली हाडकी माणसं. शिरूरमध्ये या चित्राला कुणी लायडनचं चित्र म्हणत नसे. सगळे त्याला भाकरीचं चित्र म्हणत.

धक्क्यावरच्या गर्दीत, सगळ्यांच्या थोडी मागे, एक बाई होती. तिने हात पसरला नव्हता. कडेवर लेकरू होतं आणि ती होडीकडे नुसती बघत होती. बाकीच्या बायकांच्या अंगावर काळे-तपकिरी कपडे, डोक्याला पांढऱ्या टोप्या. हिच्या खांद्यावरून मात्र हिरवा पदर आला होता.

"मला एक सांगायचं होतं," रूथ म्हणाली. "म्हणून तर आले. ग्रुपवर मेसेज आला होता, की चित्र साफ करणार आणि मागाहून कुणी रंगकाम केलं असेल तर ते काढून टाकणार."

"हो. साधारण तसंच करतात."

"ती हिरव्या पदराची बाई आहे ना," रूथने बोट दाखवलं नाही, नुसती हनुवटी उचलली, "ती माझ्या वडिलांनी केलेली आहे. ती काढू नका."

ऋतिकाने हातातली काडी ट्रेमध्ये ठेवली. ती मूळची पाबळची. शिकायला बाहेर गेली होती आणि जुनी चित्रं दुरुस्त करण्याचं काम आता पुण्यात राहून करत होती. मंदिरात, चर्चमध्ये, जुन्या घरांत लोक चित्राबद्दल काय काय सांगतात याची तिला सवय होती. पण या बाईचा आवाज सांगताना कोरडा पडला होता.

"बसा आधी," तिने बाक पुढे ओढला. "नीट सांगा."

सांगण्यासारखं थोडंच होतं. बहात्तरच्या दुष्काळात या हॉलमध्ये मदतीला आलेल्या सुकडीची पोती रचलेली असत. पोती उतरवताना एकाची शिडी चित्रावर गेली आणि कापड फाटलं. रूथचे वडील दानिएल तेव्हा दौंडला रेल्वेत पेंटर होते. स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवरची काळी अक्षरं काढायचे. आई सगुणा दुष्काळ सुरू झाल्यापासून इथे माहेरी येऊन राहिली होती, मागच्या पडवीत सुकडी शिजवायच्या कामावर. त्या उन्हाळ्यात तिला कावीळ झाली आणि ती गेली. रूथ तेव्हा पहिलीत जायची होती. त्यानंतर पाळकांनी दानिएलना विचारलं, की एवढं चित्र नीट करून देशील का. रजा टाकून ते आले. दुपारभर शिडीवर उभे असायचे आणि रूथ खाली पोत्यांवर बसून बघायची.

"झालं तेव्हा मी विचारलं, ही आईच ना? ते म्हणाले, व्हय." रूथने रुमालाची घडी घातली, परत मोडली. "आईचा दुसरा फोटो नाही. लग्नातला एक होता, तो मामाच्या घरी वाळवीने खाल्ला. दर नाताळाला इथं यायचं ते त्या बाईसाठी. नर्सिंगला नंबर लागला तेव्हा येऊन सांगून गेले. लग्नाच्या दिवशी लग्नाच्याच कपड्यांनिशी इथं उभी राहिले. लोकांना वाटायचं मी प्रार्थना करते."

ऋतिका उठून चित्राजवळ गेली.

"मावशी, मी खोटं आश्वासन देणार नाही. नंतरचं काम मूळ चित्रावर चढवलेलं असेल तर खालचं मोकळं करायचं असतं. पण आधी बघू तरी काय आहे ते. खिडक्या लावायला मदत कराल?"

हॉलच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या अनसाबाई तेवढ्यात चहा घेऊन आल्या होत्या. वय झालेलं, कमरेत वाकलेल्या. त्यांनी किटली बाकावर ठेवली आणि कुणी न सांगता पलीकडच्या खिडक्या ओढायला लागल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. शेवटची फळी लागली तशी आत काळोख झाला. ऋतिकाने एक लहानसा दिवा पेटवला. त्याचा उजेड जांभळट होता आणि तो पडायचा तिथे चित्र दुधात हिरवट काहीतरी कालवल्यासारखं चमकायला लागायचं.

"हे जुनं वॉर्निश," ती म्हणाली. "जुनं असतं ते असं उजळतं. त्याच्यावर कुणी नंतर रंग लावला असेल तर तो काळा दिसतो. बघा, हे आभाळात काळे ठिपके. कुणीतरी डाग बुजवलेत."

दिवा सरकत डावीकडे गेला. होडीचं शीड उजळलं, म्हाताऱ्याची दाढी उजळली, पसरलेले हात एकामागून एक अंधारातून वर आले. रूथने बाकाची कड घट्ट धरली. आत्ता तिथे एक काळं भोक दिसणार, आणि त्या भोकाला आपण इतकी वर्षं आई म्हणत आलो, असं काहीतरी तिच्या मनात आलं.

दिवा हिरव्या पदरावर आला. पदर डांबरासारखा काळा झाला. खांद्यापासून कमरेपर्यंत एक जाड काळा पट्टा.

मग दिवा वर गेला, आणि चेहरा उजळला. कपाळ, गाल, नाक, ओठ, सगळं त्याच हिरवट दुधाळ उजेडात, शेजारच्या चेहऱ्यांसारखंच. एकही काळी रेघ नाही.

ऋतिकाने दिवा तिथेच धरून ठेवला. जवळ जाऊन पाहिलं. शिडीवर चढून पाहिलं. खाली उतरली तेव्हा तिने दिवा लगेच बंद केला नाही.

"सांग ना," रूथ म्हणाली. अहोजाहो कधी गळून पडलं ते तिचं तिलाही कळलं नाही.

"चेहरा जाणार नाही, मावशी. चेहऱ्याला कुणी हातच लावलेला नाही." ती थांबली. "तो पहिल्यापासूनचा आहे. ज्याने हे चित्र काढलं, त्यानेच काढलेला."

अनसाबाईंनी खिडकी उघडली. उन्हाचा पट्टा फरशीवर पडला.

रूथ बाकावर नीट टेकून बसली आणि तिने मोठा श्वास सोडला. जाणार नाही. सकाळपासून, खरं तर मेसेज आला त्या दिवसापासून, छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. दुसरी गोष्ट तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. चहाचा कप हातात आला, त्यातला एक घोट घेऊन झाला, तेव्हा ती पोचली. दोनशे वर्षांपूर्वीची कुठली तरी परकी बाई. कुणी चितारी तिला समोर बसवून तिचं तोंड काढतो. तिचा सगुणाशी काय संबंध.

आपल्याला राग येईल असं तिला वाटलं. तिने वाट पाहिली. राग आला नाही. पहिलीतल्या पोरीने वर बघून विचारलेला प्रश्न तेवढा आठवला, आणि शिडीवरून लगेच न आलेलं उत्तर.

ऋतिका चित्राच्या मागे शिरली होती. भिंतीपासून चौकट पुढे ओढून घेतलेली होती, तेवढ्या फटीत ती टॉर्च घेऊन उभी होती.

"या इकडे, बघा."

कापडाच्या मागच्या बाजूला ठिगळ होतं. पोत्याच्या आतल्या बाजूचं जाड कापड, चारी कडा सरळ कापून, सरसाने चिकटवलेलं. त्यावर निळ्या शाईतली अर्धी अक्षरं अजून दिसत होती.

"इथे फाटलं होतं. आणि नुसतं फाटलं नव्हतं, तुकडाच गेला होता. म्हणजे पदराखाली जुनं काही नाहीच. हा हिरवा रंग मी काढला तर खाली पोतं निघेल." ऋतिका हसली. "कुणासाठी काढायचा? राहू दे. वरचा धूर पुसते फक्त. कडेला जरा उचललाय, तेवढा बसवते."

"रंग चांगला लावलाय का?"

"चित्रातला रंग नाही हा. दरवाजा-खिडक्यांचा ऑइल पेंट असतो ना, तसला आहे. पण हात स्थिर आहे. आणि चेहऱ्याच्या कडेला पुढून बघा, रंग थेट हनुवटीपर्यंत आणलाय आणि तिथे थांबलाय. कुठेही वर गेलेला नाही. खूप जपलंय चेहऱ्याला."

रूथने मान हलवली. ती पुढे आली आणि नेहमीच्या जागी, दुसऱ्या खांबाजवळ, उभी राहिली. अनसाबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या आणि सगुणा सुकडी शिजवायला एकाच चुलीपाशी बसायच्या.

"अनसामावशी," रूथने हळूच विचारलं, "आई अशी दिसायची?"

अनसाबाईंनी डोळे बारीक केले.

"लई वर्सं झाली गं. तुझा बाप रंग देत व्हता तवा मी म्हणलं, ही सगुणा हाय व्हय? त्यो म्हणला, जरा बघा, नजर तिची वाटती का न्हाई. आता खरं सांगू का, मला तिचं त्वांड आठवाया गेलं तर हेच म्होरं येतं." त्यांनी कप गोळा केले. "चुलीपाशी बसून अशीच बघायची मातर. पोरं जेवत असली का."

परतीच्या बसमध्ये रूथला खिडकी मिळाली. न्हावऱ्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे बस रखडत होती. वडिलांना काय सांगायचं ते ती मनात जुळवत होती, आणि जुळत नव्हतं. मेसेज तिनेच त्यांना वाचून दाखवला होता. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं कमी झालं होतं. आज सकाळी ती निघाली तेव्हा अर्धी भाकरी ताटात तशीच होती. "जाऊन ये," एवढंच म्हणाले होते. आईला लोक पुसून टाकतील याची भीती त्यांना वाटते, असं ती धरून चालली होती. चौफुल्याला बस थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की त्यांना भीती होती ती वेगळीच. पदर कुठे संपतो आणि चेहरा कुठे सुरू होतो, हे आज कुणीतरी त्यांच्या मुलीला दाखवणार होतं.

दौंडच्या स्टँडवर ती उतरली तर समोरच्या सिमेंटच्या बाकावर दानिएल बसलेले. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, दोन्ही हात काठीवर. गेली कित्येक वर्षं ते चर्चखेरीज घराबाहेर पडत नव्हते.

"आप्पा, तुम्ही इथं? कसे आलात?"

"चालत."

"आणि जेवण?"

"काय केलं त्यांनी?" त्यांनी विचारलं.

रूथ शेजारी बसली. पर्स मांडीवर घेतली.

"काही नाही केलं. पदर आहे तसा राहणार. मागून तुम्ही कापड लावलंय ते अजून पक्कं आहे म्हणाली ती मुलगी. तुमचा हात स्थिर होता म्हणाली."

दानिएलनी काठीवरचा हात बदलला.

"आन् त्वांड?"

एक बस मागे येत होती, कंडक्टर तिच्या पत्र्यावर थापा मारत होता. त्या थापा थांबेपर्यंत रूथ पर्सचा पट्टा नीट करत राहिली.

"तोंडाला हात लावायचं कामच नाही म्हणाली. नुसता धूर पुसणार."

ते तिच्याकडे बघत राहिले. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांचे डोळे लहान मुलासारखे स्वच्छ दिसत. रूथने नजर काढून घेतली नाही. त्यांनी काय वाचलं कुणास ठाऊक, पण त्यांचे खांदे हळूहळू खाली आले, आणि त्यांनी पाय लांब करून पाठ बाकाला टेकवली.

"बरं झालं," ते म्हणाले. थोड्या वेळाने परत म्हणाले, "बरं झालं."

कँटीनमधून तिने दोन चहा आणि कांदाभजी आणली. कागदावरची भजी त्यांनी एकामागून एक संपवली. रूथने आपल्या वाट्याचीही त्यांच्याकडे सरकवली.

"हिरवा कुठला घेतला होता हो, आप्पा?"

"रेल्वेच्या यार्डातला. रंगाच्या डब्याच्या तळाला राहिल्याला. सायबाला इचारूनच घेतला म्या." त्यांनी बोटं पुसली. "तिच्या साडीचा डिट्टो त्योच हिरवा. काठ मातर न्हाई जमला. बारीक चौकडीचा व्हता. माझं बुरूस पाट्या रंगवायचं, जाडं. त्यात काय काठ उमटतोय."

"कुठून घेतली होती ती साडी?"

"हितल्याच बाजारात. तू व्हायच्या आधी." ते थोडं हसले. "दुकानदाराशी असली भांडली. मी लाजून भाईर जाऊन हुबा ऱ्हायलो."

रूथने आईबद्दल हे कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी ती विचारायची, आणि प्रत्येक वेळी तिला एकच उत्तर मिळायचं, की चित्रात हाय की, बघ. मग तिने विचारायचं सोडलं होतं.

दानिएल समोर बघत होते. स्टँडवर माणसं उतरत होती, चढत होती.

"चित्रात ती जरा उजळ दिसती," ते म्हणाले.

"हो का?"

"सावळी व्हती ती. आन् नाक असं सरळ न्हवतं." त्यांनी काठीवरचा एक हात उचलला. त्यांचं बोट रूथच्या चेहऱ्याजवळ आलं आणि न टेकता, नाकाच्या शेंड्यापाशी, थांबलं. "हितं जरा बसकं. हे हाय, तसंच. ही जिवणी बी तिचीच."

रूथने चेहरा तसाच स्थिर धरला.

"आन् हसली का तोंडावर पदर घ्यायची. म्होरचा एक दात जरा वाकडा व्हता म्हणून. मी म्हणायचो, असू दे की."

चहाचा कप तिने बाकावर ठेवून दिला.

"मग? आई काय म्हणायची?" रूथने विचारलं.